नऊ नंबर शीटचा कोपरा

पिंपळझरी खदान, जि. चंद्रपूर
११ ऑक्टोबर १९८७

ती. नानाजी,
सप्रेम जयभीम.

तुम्ही हे पत्र उघडाल की नाही याचा भरवसा नाही, तरी लिहितो. तुम्ही सिरोंच्याला लेकीकडे, चंदाबाईंकडे गेलात त्याला दोन महिने झाले. निरोपाच्या दिवशी साहेबांनी पेढे मागवले होते, हार आणला होता. तुम्ही दुपारी बाराला कपाटाची किल्ली कमलाबाईंच्या टाइपरायटरशेजारी ठेवली आणि कोणाला न सांगता निघून गेलात. मी सायकल मारत स्टँडवर आलो तोवर गाडी सुटली होती.

तुमचा राग माझ्यावर आहे. साहेबांनी तुम्हाला विचारलं होतं, खदानीचे सगळे जुने नकाशे हाताने नव्या कापडावर उतरवायला किती वेळ लागेल. तुम्ही म्हणालात, नीट करायचं तर दोन वर्षं. मग त्यांनी मला विचारलं, कॉम्प्युटरवर किती. मी सहा महिने म्हणालो. नोकरीतल्या माणसाला साहेबाने विचारलं तर उत्तर द्यावंच लागतं. त्यावरून ते तुमची मुदतवाढ नाकारतील हे मला काय माहीत?

मशीन आलं. नागपूरच्या एका दुकानदाराने सुटे भाग जोडून दिलं आहे. हिरव्या अक्षरांचा पडदा, खाली पेटी, आणि नकाशे काढायचा प्रोग्राम चार फ्लॉप्यांवर. मंजुरीत एवढंच बसलं. नकाशावर काटा फिरवला की आकडे आपोआप आत घेणारा पाट आणि पेन धरून रेघा ओढणारं यंत्र, ही दोन्ही मशीनपेक्षाही महाग निघाली. तेव्हा पाट मीच बनवला. नोटीस बोर्डाची जुनी काच घेतली, खाली दोन ट्यूबलाइट बसवले, वर पारदर्शक आलेख-कागद ताणला आणि सुताराकडून दोन रुळांवर सरकणारी पितळी पट्टी करून घेतली. कापडावरचा नकाशा काचेवर पसरायचा, पट्टी रेघेच्या टोकावर आणायची, आडवा आकडा वाचायचा, उभा वाचायचा. मी वाचतो, कमलाबाई टाइप करतात. दिवसाला तीन-साडेतीनशे बिंदू होतात. वीज गेली की जपून न ठेवलेलं काम जातं, म्हणून दर दहा मिनिटांनी जपून ठेवायचं. कोळशाची धूळ आत जाऊ नये म्हणून चपला बाहेर. साहेबसुद्धा अनवाणी येतात. तुम्ही पाहिलं असतं तर हसला असता.

तुमची कापडं मी तुम्ही शिकवलं तशीच साफ करतो, खडूची पूड आणि मऊ फडकं. तुमची शाई पस्तीस वर्षांनंतरही काळीभोर आहे.

आता मुद्द्याचं. नऊ नंबरची शीट, म्हणजे जुन्या तीन नंबर खदानीची, कपाटाच्या तळाशी होती. तिचा आग्नेय कोपरा वाळवीने खाल्ला आहे. हाताच्या पंजाएवढा तुकडा गेला. ती खदान बावन्न साली पाण्याने भरली आणि बंद झाली. त्याआधीचं शेवटचं मोजमाप तुम्ही स्वतः जरीब-साखळी ओढून केलं होतं, हे तुम्हीच मला सांगितलं आहे. आपलं आताचं काम त्याच दिशेला सरकत आहे. फाटलेल्या कडेच्या पुढे जमिनीखालची ती शेवटची गल्ली किती फूट गेली होती, एवढंच हवं आहे. सोबत माझा पत्ता घातलेलं कार्ड ठेवलं आहे. एक आकडा लिहिला तरी पुरे.

चंदाबाईंना नमस्कार.

आपला,
हरिदास निमगडे


पिंपळझरी
२४ जानेवारी १९८८

ती. नानाजी,
सप्रेम जयभीम.

तुमचं कार्ड आलं नाही. महिनाभर रोज डाकवाल्याला विचारलं. मग विचारणं सोडलं.

काम संपलं. एकवीस शीटा, साडेतीन महिन्यांत. रेघा ओढणारं यंत्र नसल्यामुळे साध्या प्रिंटरवर लांब पट्ट्या छापतो, कडेची भोकं कापतो आणि बारा पट्ट्या डिंकाने जोडून एक शीट करतो. लांबून पाहिलं तर सांधा दिसत नाही. नागपूरहून मोठे साहेब आले होते. एवढ्या कमी खर्चात असं काम इकडे कोणी केलं नाही म्हणाले. आपल्या साहेबांनी माझं नाव घेतलं. बापूंना सावलीला पत्र पाठवून कळवलं, तर लेकाचं नाव झालं म्हणून त्यांनी गावात साखर वाटली.

नऊ नंबर थांबवून ठेवता येत नव्हती. तेव्हा कोपरा मी भरला. बाकीच्या गल्ल्या फाटलेल्या कडेनंतर लवकरच थांबलेल्या दिसतात, त्यावरून हीही चाळीस फुटांवर थांबली असावी असं धरलं. रेघ तुटक घातली आहे, अंदाजाची घालतात तशी. एक अडचण मात्र आली. आपल्या प्रिंटरची टोकं जाड असल्याने बारीक तुटक रेघ छापताना भरून येते, अखंड दिसते. म्हणून मी प्रतीवर लाल पेन्सिलीने खूण केली.

आणखी एक केलं. शीटच्या खालच्या चौकटीत माझ्या नावाच्या वर 'मूळ मोजणी: एन. उंदिरवाडे' असं घातलं, एकवीसही शीटांवर. तुम्हाला या ऑफिसात पहिली पाच वर्षं व्हरांड्यात बसवून रेघा ओढायला लावल्या होत्या. निदान नाव तरी आत राहावं, असं वाटलं.

आकडा आठवला तर अजूनही कळवा. मशीनवर दुरुस्ती करायला पाच मिनिटं लागतात.

आपला,
हरिदास


पिंपळझरी
१९ ऑगस्ट १९८८

ती. नानाजी,

तुमच्यापर्यंत बातमी आली असेल. आठ तारखेला, पहिल्या पाळीत, खणत असलेल्या पुढच्या तोंडावर कोळसा फुटला आणि जुन्या तीन नंबरचं पाणी आत आलं. चौदा जण खाली होते. नऊ वर आले. पाच राहिले.

पंप चालू आहेत. काल तीन मिळाले. सुकलू आज सकाळी मिळाला. तोच सुकलू, छताला लाकडी टेकू लावणारा. नव्या तोंडावर जायच्या आधी तुमच्या टेबलाशी येऊन उभा राहायचा आणि तुम्ही कापड उलगडून त्याला बोटाने दाखवायचात. लच्छू वाचला. तो म्हणतो, आधी गार वारा आला, मग कानात दडे बसले, मग आवाज. तो चढावर पळाला. सुकलू सगळ्यांत पुढे तोंडाशी होता, त्याला वळायलाही वेळ मिळाला नसेल.

सुकलूच्या घरी गेलो होतो. सोमारी, त्याची बायको, दाराशी बसली होती. मला खाट टाकून दिली, पाणी दिलं. मी बसलो, प्यालो. मग उठून आलो.

चौकशी बसली आहे. तुमच्याकडे कोणी माणूस येईल. नऊ नंबर शीटबद्दल विचारेल. जे आठवतं ते सांगा. माझ्यावर राग धरू नका.

हरिदास


पिंपळझरी
२ ऑक्टोबर १९८८

ती. नानाजी,

चंदाबाईंचं पत्र मिळालं. चौकशीचा माणूस सिरोंच्याला येऊन गेला, 'मूळ नकाशाच चुकीचा होता' अशा कागदावर तुमची सही मागितली, तुम्ही केली नाही, आणि तेव्हापासून पेन्शनचा कागद अडकला आहे, असं त्यांनी लिहिलं आहे. त्यांनी मला सरळ विचारलं आहे, की त्या माणसाला हे कोणी सांगितलं.

मी सांगितलं, नानाजी.

दुर्घटनेनंतर दहाव्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावलं. दार लावलं. म्हणाले, मूळ शीटचा तुकडा वाळवीने खाल्ला, आता त्यावर काय होतं हे कोणी सिद्ध करू शकत नाही. खाली नाव उंदिरवाडेंचं आहे. ते निवृत्त झाले, त्यांचं काय बिघडणार? तुझी नोकरी आहे, लहान लेकरं आहेत. मी जबाब दिला की शीट उतरवली तेव्हा कोपरा शाबूत होता, त्यावर जे होतं तेच मी भरलं, वाळवी नंतर लागली. खाली सही केली. जे नाव मी मानाने घातलं होतं, त्याच नावावर बोट ठेवून त्यांनी तुमच्यापर्यंत माणूस पाठवला.

लाल पेन्सिलीचंही सांगतो. ती खूण पहिल्याच प्रतीवर होती. मार्चमध्ये खाली लावायला दुसरी प्रत मागितली, ती छापली आणि तशीच दिली. खूण करायची राहून गेली. त्या प्रतीवर माझी अंदाजाची रेघ तुमच्या मोजलेल्या रेघेइतकीच काळी होती.

चंदाबाई लिहितात की तुम्ही माझी पहिली दोन पत्रं न उघडता पेटीत टाकली होती. दुर्घटना कळल्यावर ती काढायला लावली, डोळ्यांना आता दिसत नाही म्हणून वाचून घेतली, आणि पहिल्या पत्रातला प्रश्न ऐकून उठून बाहेर जाऊन बसलात. तेव्हापासून नीट जेवत नाही. एकच म्हणता, "पोरानं इचारलं होतं, मी पेटीत टाकलं."

काय लिहू? तुम्ही एक ओळ लिहिली असती तर पाच माणसं वाचली असती. मी विचारलं होतं. माझ्याकडून मी विचारलं होतं.

हरिदास


पिंपळझरी
२० नोव्हेंबर १९८८

ती. नानाजी,

मागच्या पत्राचा शेवट मी लिहायला नको होता. पत्र डाकेत टाकलं आणि तिथेच उभा राहिलो. पेटी उघडायला शिपाई येईपर्यंत थांबावं आणि परत मागावं असं वाटलं. थांबलो नाही. आज दीड महिना झाला, ती ओळ डोक्यातून जात नाही. चंदाबाई, हे पत्र नानाजींना पूर्ण वाचून दाखवा. मध्ये थांबू नका, त्यांनी थांब म्हटलं तरी.

नानाजी, ती माणसं तुमच्या न लिहिल्याने मेली नाहीत.

पहिलं, मी तुमच्याकडे येऊ शकत होतो. सिरोंच्याची गाडी रोज सुटते, एक दिवस जायला, एक यायला. दिवाळीच्या चार सुट्ट्या होत्या. आलो नाही, कारण तुमच्या समोर उभं राहायची लाज वाटत होती. साहेबांना सहा महिने म्हणालो तेव्हा तुमची मुदतवाढ जाणार हे मला माहीत होतं. पहिल्या पत्रात खोटं लिहिलं. आदल्या दिवशी साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, की मशीनने लवकर होत असेल तर म्हाताऱ्याला ठेवायची गरज नाही, आणि हेड ड्राफ्ट्समनची जागा तुला. वीस वर्षांपूर्वी तुम्ही मला सावलीहून आणलं, तुमच्या खोलीत ठेवलं, माझ्या हातात पेन दिला. मी एका वाक्यात तुम्हाला घालवलं.

दुसरं, कमलाबाईंचं. त्या दिवशी कोपऱ्यातल्या गल्लीचा आकडा मी बोललो तेव्हा त्यांनी हात थांबवला आणि विचारलं, पट्टी तर तुम्ही सरकवली नाही, मग हा आकडा कुठून आला? मी म्हणालो, अंदाज आहे, टाका, नंतर पाहू. नंतर पाहिलं नाही. माझ्या जबाबाचं कळल्यावर त्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, "मले बोलावलं तर मी खोटं नाई सांगणार, हरिदासभाऊ. पन मी होऊन जाणार नाई. ते तुमचं काम हाये." त्यानंतर एकत्र बसून डबा खाणं बंद झालं.

आता तिसरं. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. घरीसुद्धा नाही.

पाच ऑगस्टला, शुक्रवारी, पाळी सुटल्यावर सुकलू ऑफिसात आला. पायातले बूट काढून दाराशी उभा राहिला. तुम्ही नव्हता, म्हणून माझ्याकडे आला. म्हणाला, "भाऊ, तोंडावरची भिंत घामेजून राह्यली. हात लावला का ओला होते. पानी थंडं लागते आन् वास येते, जुन्या विहिरीवानी."

मी मशीनवर होतो. शीट पडद्यावर काढली, मोजायचा हुकूम दिला, आणि आकडा आला, पासष्ट मीटर. नियम तुम्हाला ठाऊक आहे. जुन्या पाण्याच्या साठ मीटरांच्या आत आलं की लांब भोकं पाडून चाचपत पुढे जायचं. साठच्या बाहेर असलं की नेहमीसारखं काम. मी त्याला पडदा दाखवला. म्हणालो, "काऊन भेतं? पासष्ट मीटर हाये अजून. पावसाचं पानी असंन वरून झिरपत."

तो पडद्याकडे बघत राहिला. त्याला त्यातलं काही समजत नव्हतं. मग म्हणाला, "नानाजी कापडावर दाखवत होते. बोट ठेवू देत होते. यात कुठी ठेवू?"

मी हसलो, नानाजी. मी हसलो आणि म्हणालो, आता बोट ठेवायचे दिवस गेले, मशीन चुकत नाही.

त्याने बूट घातले आणि गेला. जाताना "बरं हाये भाऊ" म्हणाला.

मशीनने मला पासष्ट सांगितलं ते मीच त्यात घातलेल्या चाळीस फुटांवरून. ती रेघ अंदाजाची आहे हे पृथ्वीवर फक्त दोघांना माहीत होतं, मला आणि कमलाबाईंना. त्या क्षणी मला ते आठवलं का? मी स्वतःला शंभरदा विचारलं. आठवलं होतं. पुसट, पण आठवलं होतं. मनात आलं, आता खालचं काम थांबवलं तर विचारतील का थांबवलं, आणि मग सांगावं लागेल की नागपूरच्या साहेबांनी वाखाणलेल्या शीटवर एक कोपरा मी मनाने काढला आहे. तिसऱ्या दिवशी पाणी आलं.

तेव्हा तुम्ही पेटीत टाकलेल्या पत्राचा यात काही संबंध नाही. ते पत्र उघडलं नाही म्हणून एक आकडा कमी पडला. पण तो आकडा नव्हता तरी भिंत ओली होती आणि एक माणूस येऊन मला तसं सांगून गेला होता. तुम्ही टेबलाशी असता तर त्या ओल्या भिंतीवरून तिथल्या तिथे काम बंद पाडलं असतं, आकडा असो की नसो. तुम्ही जेवा.

गेल्या मंगळवारी मी चौकशीच्या अधिकाऱ्याकडे गेलो. पहिला जबाब खोटा आहे म्हणून सांगितलं. वाळवी, चाळीस फूट, तुटक रेघ, दुसरी प्रत, सगळं. सुकलूचंही सांगितलं. ते बराच वेळ लिहीत होते. मग पेन ठेवून विचारलं, तुला हे आता का सांगावंसं वाटलं? मी म्हणालो, सिरोंच्याला एक म्हातारा जेवत नाही. त्यांनी ते लिहून घेतलं नाही. दोन दिवसांनी मला निलंबनाचा कागद मिळाला. क्वार्टर महिनाअखेर सोडायचं आहे. बापूंना अजून कळवलेलं नाही.

सोमारीला सांगायचं राहिलं आहे. तिच्या घराच्या वळणापर्यंत दोनदा गेलो आणि परत आलो.

तुम्ही मला माफ करावं म्हणून हे लिहिलं नाही. तुम्ही जेवावं म्हणून लिहिलं.

हरिदास


सावली
१५ जानेवारी १९८९

चंदाबाई,
जयभीम.

तुमचं पत्र खदानीवरून फिरत गावी आलं, म्हणून उत्तराला उशीर झाला.

नानाजी सव्वीस नोव्हेंबरला गेले आणि माझं पत्र तीसला पोचलं, हे मी बऱ्याच वेळा वाचलं. तारखा उलट वाचल्या असतील, असं आधी वाटलं. तुम्ही लिहिलं आहे की ते पत्र तुम्ही एकटीनेच वाचलं, वाचून दाखवायला कोणी राहिलं नव्हतं. म्हणजे माझ्याकडून त्यांच्या कानावर शेवटचं काही पडलं असेल तर ते ऑक्टोबरचं पत्र. 'तुम्ही एक ओळ लिहिली असती तर', हे त्यातलं. ते पत्र तुम्ही त्यांना वाचून दाखवलं होतं का, हे तुम्ही लिहिलं नाही. मी विचारतही नाही.

तुम्ही कागदावर उतरवून पाठवलेले आकडे मिळाले. शेवटच्या आठवड्यात ते गादीवर बोटाने गल्ल्या काढत होते आणि तुम्हाला आकडे सांगत होते, 'लिहून ठेव, हरिदासले पाठव' म्हणत होते, हे वाचून मी कागद बाजूला ठेवला आणि बाहेर जाऊन आलो. मग इथे आलेख-कागदावर मांडून पाहिलं. फाटलेल्या कडेपुढे दोनशे चाळीस फूट. मी चाळीस धरले होते. दोनशे फूट, म्हणजे एकसष्ट मीटर. सुकलू माझ्यासमोर उभा होता तेव्हा त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये चार मीटर कोळसा होता. पस्तीस वर्षांपूर्वीचं मोजमाप, डोळे अधू झालेल्या माणसाने गादीवर बोटाने काढलेलं, आणि ते बरोबर जिथे पाणी फुटलं तिथे येऊन थांबतं.

अहवालाची प्रत मला आरोपपत्रासोबत मिळाली. त्यात मूळ मोजणीत दोष नव्हता असं स्वच्छ लिहिलं आहे. साहेबांची बदली झाली. पेन्शनचा अडकलेला कागद आता तुमच्याकडे येईल. उंदिरवाडे हे नाव बिनडाग राहिलं, एवढं तरी त्यांना कळायला हवं होतं. मी पंधरा दिवस आधी गेलो असतो तर कळलं असतं.

सोमारीला सांगून आलो. ते तुम्हाला लिहायचं कारण नाही, पण नानाजींना लिहिणार होतो, आता दुसरं कोणी नाही.

मागच्या रविवारी गेलो. ती अंगणात धान पाखडत होती. मला पाहून तिने सूप खाली ठेवलं, खाट टाकली, आतून पाण्याचा गडवा आणला. मी खाटेवर बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. सुकलू माझ्याकडे आला होता, भिंत ओली आहे म्हणाला होता, मी त्याला पासष्ट मीटर सांगून परत पाठवलं, तो आकडा माझ्या मनाचा होता. सांगताना दोन वेळा पहिल्यापासून सुरुवात केली.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "मले मालूम हाये."

मला वाटलं अहवालाचं कोणी तिला सांगितलं असेल. तसं विचारलं.

"नाई," ती म्हणाली. "शुक्रवारी तो घरी आला तवाच सांगतलन. मी म्हटली, भिंत वली हाये तं जाऊ नोको, दोन दिवस खाडा कर. तो म्हणे, हरिदासभाऊले इचारून आलो, तो नानाजीच्या हाताखालचा मानूस हाये, तो खोटं नाई सांगणार."

सूप उचलून ती पुन्हा पाखडायला लागली. ऑगस्टात मी तिच्या दारी खाटेवर बसलो होतो, तिच्या हातचं पाणी प्यालो होतो, तेव्हाही तिला हे माहीत होतं.

पाण्याचा गडवा तिथेच होता. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पी ना भाऊ. ऊनातून आला."

मी प्यालो.

हरिदास